पाटी बदलण्यापूर्वी

या आठवड्याच्या टपालात सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं चार पानी पत्र आहे. नाव-गाव छापू नये असं त्यांनी बजावून लिहिलं आहे, म्हणून ते गाळून मजकूर थोडक्यात देते.

"माझे यजमान जाऊन आज सत्तावन्न दिवस झाले. एस. टी. स्टँडजवळ आमची खानावळ आहे, अकरा वर्षांची. सगळे कागद यांच्याच नावावर. स्वयंपाकघर मी आणि सासूबाई बघतो. पोळ्यांना दोन बायका येतात, वाढायला एक मुलगा आहे. माझी मुलगी नववीत शिकते. खानावळीला यांनी हौसेनं थोरल्या दिरांच्या मुलाचं नाव दिलं होतं. आता दीर म्हणतात, 'आमच्या मुलाचं नाव पाटीवरून उतरवा, नाहीतर धंद्यात आमचा हिस्सा द्या.' मला सासूबाईंचं नाव द्यायचं आहे. गिऱ्हाईक येतं ते त्यांच्या हातच्या आमटीसाठी. पण एक एजंट म्हणाला, नाव बदललं की सगळी लायसन्सं रद्द होतात, नव्यानं काढायला चाळीस हजार लागतील. शेजारचे दुकानदार म्हणतात, रंगाऱ्याला बोलवा, पाटी रंगवून घ्या, कोण बघतंय? खरं काय ते सांगा. उद्या दारात साहेब उभे राहिले तर मी कोणता कागद दाखवू?"

या भगिनींना आम्ही पोस्टानं आधीच उत्तर कळवलं आहे, कारण त्यांच्या बाबतीत दिवस मोजून आहेत. पण घरगुती खानावळ, पोळी-भाजी केंद्र, मिसळीचा गाडा किंवा डबे चालवणाऱ्या आपल्या वाचक भगिनी पुष्कळ आहेत. म्हणून तेच उत्तर जरा सविस्तर इथं देते.

नाव बदललं म्हणून बाई बदलत नाही

ताई, एजंटाचं म्हणणं खरं नाही आणि शेजाऱ्यांचंही खरं नाही.

आपल्यापैकी बहुतेकींनी लग्नात नाव बदललं. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच काहीतरी. म्हणून काही आपली मॅट्रिक रद्द झाली नाही! परीक्षा दिलेली मुलगी तीच होती. मात्र 'ती मुलगी म्हणजेच ही बाई' हे प्रत्येक कचेरीला आपल्याला जाऊन सांगावं लागलं, कागद दाखवून सांगावं लागलं. ज्यांनी आळस केला त्यांना पुढं पासपोर्टाच्या वेळी हेलपाटे पडले.

हॉटेलाचं अगदी तसंच आहे. परवाना पाटीवरच्या अक्षरांना मिळत नाही. तो मिळतो एका माणसाला (किंवा भागीदारीला, कंपनीला), एका जागेत, एक ठराविक धंदा करण्यासाठी. पाटीवरचं नाव ही त्या परवान्यातली एक नोंद आहे. नोंद बदलली की ती दुरुस्त करून घ्यायची. परवाना मरत नाही. पण नोंद दुरुस्त केलीच नाही, तर पाटीवर एक नाव, बिलावर दुसरं आणि भिंतीवरच्या परवान्यावर तिसरं असं होतं. मग तपासणीला आलेल्या माणसाला तुम्ही विनापरवाना बसला आहात असंच वाटणार.

म्हणून कोणीही हॉटेलाचं नाव बदलायला निघालं, की आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. एक, फक्त पाटीवरचं नाव बदलतंय का? दोन, मालकही बदलतोय का? तीन, जागा बदलतेय का? नुसतं नाव बदलणं हे सगळ्यात सोपं काम. मालक बदलला की काम वाढतं. आणि जागा बदलली तर बरंचसं पहिल्यापासून करावं लागतं, कारण मोरी, धुराडं, पाणी, आग विझवण्याची सोय हे सारं त्या जागेचं तपासलेलं असतं.

ताईंच्या पत्रात प्रश्न नावाचा विचारला आहे, पण खरी गाठ मालकाची आहे. नाव बदलणं हवं तर पुढं ढकलता येईल. मालकाची नोंद मात्र पुढं ढकलता येणार नाही.

दिरांचा हक्क किती?

हे आधी मिटवू, कारण यानंच ताईंची झोप उडाली आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीवर पहिला हक्क पहिल्या वर्गातल्या वारसांचा. त्यात बायको, मुलगे-मुली आणि आई येतात. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो. पहिल्या वर्गातलं एकही माणूस असेल तोवर दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही. म्हणजे खानावळ यजमानांनी स्वतः उभी केलेली असेल, तर तिचे वारस तिघी: तुम्ही, तुमची मुलगी आणि तुमच्या सासूबाई. तिघींचा हिस्सा सारखा. वडिलोपार्जित एकत्र धंदा असता तर हिशेब वेगळा झाला असता. तसं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कुठंही सही करू नका.

धंद्याचं नाव हीसुद्धा मिळकतच असते. अकरा वर्षांत त्या नावाला जे गिऱ्हाईक जोडलं गेलं, ते खानावळीबरोबर वारसांकडं येतं. पुतण्याचं नाव पाटीवर आहे म्हणून पुतण्या धंद्याचा मालक होत नाही. दिरांनी ते नाव स्वतःच्या नावे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेलं असेल तर गोष्ट निराळी. तसं पत्रात काही दिसत नाही. तेव्हा ताई, नाव बदलायची तुमच्यावर सक्ती नाही. बदलायचं असेल तर तुमच्या मनानं बदला, कोणाच्या धमकीनं नको.

मात्र एक लक्षात ठेवा. सासूबाई बरोबरीच्या वारस आहेत. धंदा तुमच्या एकटीच्या नावावर करायचा तर त्यांचं लेखी संमतिपत्र जवळपास प्रत्येक ठिकाणी मागतील. मुलीचा हिस्सा तिचाच राहतो, तो तुम्ही आई म्हणून सांभाळायचा. सासूबाईंना समोर बसवून हे सगळं नीट समजावून सांगा आणि मगच सही घ्या. ज्यांचं नाव पाटीवर लावणार त्यांनाच अंधारात ठेवून कागद करू नयेत. त्यांना महिन्याला काय देणार, तेही त्याच कागदावर लिहून टाका. म्हाताऱ्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो, आणि उद्या कोणी त्यांचे कान भरायला आलं तर तोच कागद तुमच्याही बाजूनं बोलतो.

अन्न परवाना आणि नव्वद दिवस

खाण्याच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे अन्न परवाना. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली, लहान धंद्याला नोंदणी आणि मोठ्याला परवाना, असे दोन प्रकार आहेत. २०११ च्या नियमांत त्यांच्यातली रेषा वर्षाला बारा लाखांच्या उलाढालीवर आखली गेली. अशा रेषा वेळोवेळी सरकत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी चालू आकडा बघून घ्यावा. आपल्याकडं हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. परवान्याचा नंबर चौदा आकडी असतो. तो बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं झालं आणि कागद दर्शनी भागात लावावा लागतो.

आता ताईंच्या कामाची गोष्ट. परवानाधारकाचा मृत्यू झाला तर परवाना त्याच दिवशी संपत नाही. मृत्यूच्या तारखेपासून नव्वद दिवस तो कायदेशीर वारसाच्या किंवा कुटुंबीयाच्या उपयोगासाठी चालू राहतो. नेमलेल्या अधिकाऱ्यानं कारण मान्य केलं तर ही मुदत वाढूही शकते. तेवढ्या अवधीत वारसानं परवाना आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती एवढी तयारी ठेवा. अर्ज २०२० पासून 'फॉस्कॉस' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर होतात. गावातल्या सेवा केंद्रात तो भरून मिळतो. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पत्र लिहिलं त्या दिवशी ताईंच्या हातात तेहतीस दिवस होते. म्हणून आमचा पहिला निरोप हाच होता: पाटी राहू द्या, आधी हा अर्ज करा. नव्वद दिवस हातचे गेले की नव्यानं परवाना काढावा लागेल, आणि तो मिळेपर्यंत चूल बंद ठेवायची वेळ येईल. खानावळीचं गिऱ्हाईक आठवडाभर उपाशी बसत नाही. शेजारच्या दारात जातं आणि तिथलंच होतं.

परवाना तुमच्या नावावर आला की नाव बदलाचा अर्ज त्याच संकेतस्थळावर दुरुस्ती म्हणून करता येतो. कोणतीही दुरुस्ती करताना नवा परवाना मागायचा की जुन्यात बदल, हे अर्जावर स्पष्ट निवडावं लागतं. इथंच गोंधळ होतो. नवा मागितला तर नवा नंबर येतो आणि बिलं, वेष्टनं सगळं बदलत बसावं लागतं. नंबर तोच ठेवायचा असेल तर 'बदल' हाच पर्याय धरायचा.

जीएसटीचं गणित निराळं

जीएसटीचा नंबर माणसाच्या पॅनला बांधलेला असतो. फक्त खानावळीचं नाव बदललं आणि मालक तोच, तर काम सोपं: व्यापारी नावात दुरुस्तीचा अर्ज, बदल झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. नंबर तोच राहतो.

पण मालक गेला की त्याचा पॅनही त्याच्याबरोबर जातो. त्या नंबरावर बायकोला धंदा चालवता येत नाही. धंदा वारशानं ज्याच्याकडं आला त्यानं स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची आणि जुनी रद्द करण्याचा अर्ज वारस म्हणून द्यायचा. एकट्याच्या मालकीच्या धंद्यातला मालक वारला तर काय करायचं, याचा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं २०१९ साली परिपत्रक काढून केला आहे. नव्या अर्जात 'मालकाच्या मृत्यूमुळे' असं कारण निवडण्याची सोय आहे, तेच निवडावं. नोंदणीचा अर्ज जबाबदारी आल्यापासून तीस दिवसांत अपेक्षित असतो. ताईंचे तीस दिवस होऊन गेले आहेत, म्हणून उद्याच्या उद्या अर्ज द्यावा. यजमानांच्या काळातला काही कर राहिला असेल तर धंदा पुढं चालवणाऱ्यावर तो येतो, तेव्हा जुन्या वह्या रद्दीत घालू नका.

यात ताईंचा एक फायदाही आहे. जीएसटीची नोंदणी नव्यानंच घ्यायची आहे, तर व्यापारी नावाच्या रकान्यात पहिल्यापासूनच नवं नाव घालता येईल. दोनदा काम नको. म्हणून नाव काय ठेवायचं ते आठवडाभरात पक्कं करा.

दुकान कायदा, नगरपालिका आणि बाकीचे

आपण ज्याला 'शॉप ॲक्ट' म्हणतो तो कायदा महाराष्ट्रात २०१७ साली नवा झाला. त्यात दहापेक्षा कमी कामगारांच्या धंद्याला पूर्वीसारखं रीतसर लायसन्स नको, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, असं ठरलं. २०२५ साली ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. ताईंकडं तीन माणसं. म्हणजे त्या सूचनेतच बसतात. दिलेल्या माहितीत काही बदल झाला, मग ते नाव असो की मालक, तर तीस दिवसांत कळवायचं असतं.

नगरपालिकेचा आरोग्य खात्याचा किंवा व्यवसायाचा परवाना असेल तर तिथं साधा अर्ज, सोबत अन्न परवान्याची प्रत आणि जागेचा कागद. मुंबईसारख्या शहरात हॉटेलांना महापालिकेचा परवाना १८८८ च्या जुन्या कायद्याखाली लागतो आणि दिव्यांनी उजळलेल्या पाटीला वेगळी परवानगी घ्यावी लागते. नाव बदललं की त्या परवानगीतलंही नाव बदलायचं. आगीपासून सुरक्षिततेचा दाखला जिथं लागतो तिथं तो जागेशी जोडलेला असतो. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून जे प्रमाणपत्र द्यायचं, त्यावर पुढच्या खेपेपासून नवं नाव घालून घ्यावं. ज्यांच्याकडं परमिट रूम आहे त्यांनी मात्र आधी उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी आणि मग पाटी, हाच क्रम ठेवावा.

जागा भाड्याची असेल तर भाडेकराराकडं बघा. जुनी भाडेकरूची जागा असेल, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मृत भाडेकरूबरोबर तिथं धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला संरक्षण आहे. ताई अकरा वर्षं त्याच स्वयंपाकघरात उभ्या आहेत. हे त्यांच्या बाजूनं आहे. लीव्ह अँड लायसन्सची जागा असेल तर मालकाकडून नवा करार स्वतःच्या नावे करून घ्यावा. विजेचं बिल, व्यापारी गॅसचं कनेक्शन आणि उद्यमची नोंदणी ही कामं त्यानंतर. उद्यमच्या नोंदणीला सरकार पैसे घेत नाही, हे लक्षात असू द्या.

गल्ल्यावरचा तो चौकोन

हल्ली खानावळीतसुद्धा गिऱ्हाईक फोननं पैसे देतं. गल्ल्याजवळ चिकटवलेला तो चौकोन यजमानांच्या खात्याचा असेल, तर आजही पैसे त्यांच्याच खात्यात जमा होत असतील. बँकेला मृत्यू कळला की खातं थांबवतात आणि पैसे वारसाचे कागद पुरे होईपर्यंत अडकतात. म्हणून कळवायचं टाळू नका आणि यजमानांचं कार्ड वापरून पैसे काढत राहू नका. उद्या दिरांशी वाद झाला तर तेच बोट तुमच्याकडं दाखवतील. स्वतःच्या नावावर खातं उघडा आणि चौकोन बदलून घ्या. धंद्याच्या नावानं चालू खातं उघडायला बँक त्या नावाचे दोन पुरावे मागते. जीएसटीचा दाखला आणि शॉप ॲक्टच्या सूचनेची पोच, हे दोन चालतात. म्हणून ते आधी, बँक नंतर. घरपोच जेवण नेणाऱ्या कंपन्यांकडं खानावळीची नोंद असेल तर तिथंही नवं नाव आणि नवं खातं कळवा. त्या अन्न परवान्यावरचं नाव ताडून बघतात.

नाव निवडताना

सासूबाईंचं नाव द्यायचा विचार फार सुरेख आहे. पण घाई न करता दोन गोष्टी बघा.

पहिली, ते नाव खाण्याच्या धंद्यात दुसऱ्या कोणी नोंदवलं आहे का. व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदणीत हा शोध फुकट घेता येतो. हॉटेल-सेवा त्रेचाळिसाव्या वर्गात येते. चिवडा, लाडू यांसारखा माल तिसाव्या वर्गात. स्वतःचं नाव नोंदवायचं तर एका व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी साडेचार हजार रुपये ठरलेली आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. सक्ती नाही. पण 'शॉप ॲक्टमध्ये नाव लागलं म्हणजे नाव माझं झालं' असं मात्र नाही. परवाना धंदा करायची परवानगी देतो, नावाची मालकी देत नाही.

नावावरून वाद झाला तर तो किती लांबतो, याचं उदाहरण पुण्यातच आहे. 'बर्गर किंग' नावाचं एक हॉटेल तिथं १९९० च्या दशकापासून चालू आहे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीनं २०११ साली त्यांच्यावर दावा लावला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं तो फेटाळला. अपिलात मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये हॉटेलाला ते नाव वापरायला तात्पुरती मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. चौदा वर्षं! आपल्यासारख्यांना हे परवडण्याजोगं नाही. म्हणून जुनी बिलं, जुने फोटो, पहिल्या पाटीची पावती जपून ठेवावी. आपण नाव केव्हापासून वापरतो याचा तोच पुरावा असतो.

दुसरी गोष्ट, काही नावं वापरताच येत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या कायद्यानं बंदी आहे. जिथं दारू मिळते त्या ठिकाणाला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत, असंही २०२२ साली दुकान कायद्यात घातलं गेलं.

पाटी सगळ्यात शेवटी

रंगाऱ्याला बोलवायचं ते सगळे अर्ज देऊन झाल्यावर. पाटी मराठीत, देवनागरी अक्षरांत हवी. दुसऱ्या भाषेत लिहायचं तर मराठी आधी, आणि मराठी अक्षर इतर अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही हे लागू झालं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या व्यापाऱ्यांना तशा पाट्या लावायला दोन महिने दिले होते. शिवाय जीएसटीचा नंबर दारावरच्या नामफलकावर लिहायचा नियम आहे. आधी पाटी रंगवली आणि नंतर नवा नंबर आला, तर रंगाऱ्याचे पैसे दोनदा.

नव्या नावाखाली बारीक अक्षरांत 'पूर्वीचे अमुक' असं सहा-आठ महिने राहू द्या. जुनं नाव वारसांचं आहे, ते लिहायला कोणाची हरकत चालणार नाही. स्टँडवर उतरणारं परगावचं गिऱ्हाईक जुन्या नावानं शोधत येतं. त्याला दारातून परत पाठवू नका. बिलावरही तेच छापा. चटणी-मेतकुटाची पाकिटं विकत असाल तर त्यावर तयार करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि अन्न परवान्याचा नंबर लागतो. म्हणून जुनी पाकिटं संपवत आणा आणि सगळे बदल होईपर्यंत नवी थोडीच छापा.

आणि हो, नाव बदलल्यानं उधारी पुसली जात नाही. वाण्याचं देणं, बायकांचा राहिलेला पगार, बँकेचं कर्ज हे सारं जुन्या पाटीबरोबर उतरत नाही. यजमानांचं देणं त्यांच्या मागं राहिलेल्या मिळकतीतून फेडायचं असतं; तुमच्या स्त्रीधनावर कोणी हात टाकू म्हणेल तर तिथं मात्र ठाम नाही म्हणा.

एजंटाला काय सांगावं

चाळीस हजार कशाचे, ते कलमवार लिहून मागा. सरकारी फी किती, त्याची पावती कोणाच्या नावे, आणि त्याची स्वतःची मजुरी किती. सरकारी फीची पावती नेहमी सरकारी असते, एजंटाच्या वहीतली नसते. फोनवर येणारा सांकेतिक आकडा आणि संकेतस्थळाचा पासवर्ड त्याला कायमचा देऊन टाकू नका. अर्जावर फोन नंबर तुमचाच घाला, त्याचा नको. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्याच परवान्याची खबर तुम्हाला त्याच्या तोंडून ऐकावी लागेल.

दारात साहेब आले तर काय दाखवायचं, असं ताई विचारतात. एक फाइल करा. तिच्यात मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं संमतिपत्र, जुना अन्न परवाना, हस्तांतराच्या अर्जाची पोच, जीएसटीच्या अर्जाची पोच आणि जागेचा करार. फाइल गल्ल्याच्या खणात ठेवा. साहेबांना पाणी द्या, फाइल पुढं करा आणि तारखा दाखवा. मुदतीत अर्ज केलेल्या बाईला घाबरायचं कारण नाही.

आता इतर भगिनींसाठी दोन शब्द. या पत्रातलं संकट नावानं आणलेलं नाही. अकरा वर्षं चूल जिनं पेटवली, तिचं नाव एकाही कागदावर नव्हतं, म्हणून ते आलं. तुमच्या घरी दुकान, खानावळ, गिरणी, गाडा असेल तर या रविवारी दुपारची भांडी आवरली की यजमानांना सांगून कागदांची पिशवी खाली काढा. परवाना कोणाच्या नावावर, भाडेकरार कोणाच्या, खात्याला वारस म्हणून कोणाचं नाव लावलं आहे, पासवर्ड कुठल्या वहीत लिहिला आहे, हे दोघांनी मिळून बघा. साधं मृत्युपत्र करायला दोन साक्षीदार आणि एक कोरा कागद पुरतो. विषय अशुभ वाटेल, सासूबाई कदाचित रागावतील. तरी काढा. धंदा दोघांनी चालवायचा आणि कागद एकाचाच, हे काही बरं नव्हे.